राबत्याची दोरी

फारशीबाईंबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. त्यांच्या माजी विद्यार्थिनींनी आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा पुन्हा पुन्हा फोन आले. ‘काका, सगळ्यात जवळचे शेजारी तुम्ही. तुमच्याशिवाय पुस्तक कसं होईल?’ मी डोळ्यांचं कारण सांगितलं. मोतीबिंदू निघाल्यावर गुडघ्यांचं सांगितलं. लिहिण्याचा आणि गुडघ्यांचा संबंध काय, असं कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला लोक फार विचारत नाहीत.

शोकसभेत तर एक बाई उठून बोलल्या की, शेजारी असावा तर असा. बाईंच्या खाटेपासून आपल्या घरापर्यंत दोरी बांधून घेणारा माणूस आजच्या काळात कुठे मिळतो? आणि नशीब बघा, ज्या दिवशी ती दोरी ओढायची वेळ आली, नेमके त्याच दिवशी ते घरी नव्हते. सभागृहात हळहळ झाली. बाईंसाठी झाली, तशी थोडी माझ्यासाठीही झाली. शेजारी बसलेल्या माणसाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखाने.

आता माझी बायको मंदाही राहिली नाही. ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी माणसं कमी होत गेली की खरं बोलणं सोपं होत असेल, असं मला वाटायचं. होत नाही. तरी लिहितो. पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं.

बाईंशी सरळ बोलता येत नसे. आपलं वाक्य अर्ध्यावर आलं की त्यांचा हात वर जाई. ‘थांबा! आत्ता काय म्हणालात?’ नवीन माणूस दचके. आपण काही वावगं बोललो की काय, म्हणून चेहरा पाडून उभा राही. एकदा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन जिना चढून आला आणि म्हणाला, ‘बाई, दार नीट उघडा, दम लागलाय.’ बाई दारातच आडव्या. ‘थांब! काय लागलाय म्हणालास?’ ‘दम.’ ‘दम म्हणजे श्वास. फारशी. तुला श्वास लागलाय, गड्या!’ त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. तो म्हणाला, ‘बाई, सिलिंडर ठेवू द्या, मग कुठलाही लागू द्या.’ बाई इतक्या हसल्या की त्याला सरबत पाजूनच सोडलं. आणि सरबत अरबी, हे सांगितल्याशिवाय त्याच्या हातात पेला दिला नाही.

जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या वरच्या अंगाला आमची गल्ली. गल्लीच्या एका बाजूला दुसऱ्या मजल्यावर आम्ही, समोर दुसऱ्या मजल्यावर बाई. मधे गल्ली इतकी अरुंद की गॅलरीतून गॅलरीत वाटी देता येत नसली, तरी हळू आवाजात बोलता येई. बाईंनी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. वडील मोडी कागद वाचणारे होते. त्यांच्या कागदांत फारशी शब्द भेटले म्हणून बाई फारशी शिकल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दूधबाजाराकडच्या एका वृद्ध मौलानासाहेबांकडे जाऊन अरबीचे धडे घेऊ लागल्या. गल्लीने त्यांचं नाव फारशीबाई ठेवलं. वात्रट पोरं ‘फरशीबाई, फरशीबाई’ ओरडत पळायची. बाई गॅलरीतून वाकून म्हणायच्या, ‘फरशीसुद्धा अरबीच आहे रे गाढवांनो! पळता कुठे? अर्थ ऐकून जा!’

शेवंताबाई नावाची एक भाजीवाली सायखेड्याहून यायची. तिची आणि बाईंची रोज जुंपायची. एकदा बाईंनी तिला विचारलं, ‘तुझं गाव कुठल्या तालुक्यात गं?’

‘निफाड तालुक्यात हाय की. म्हाईत नाय व्हय तुमास्नी?’

‘माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तालुका अरबी शब्द आहे. एकाने दुसऱ्याला लटकून, चिकटून असणं, संबंध असणं, त्यातून आलाय. अरबी बोलतेस तू, शेवंता.’

‘या बया!’ शेवंताबाईने पाटी खाली ठेवली. ‘आवं, मी कशाला बोलू अरबी? आमच्या सात पिढ्या वांगी लावत्यात. घरी कळलं तर मालक इचारंल, कुठं शिकलीस म्हनून.’

‘सांग, फारशीबाईंनी शिकवलं.’

‘मंग तर लयच मार खाईन,’ शेवंताबाई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. कोथिंबिरीची जुडी तिने फुकट टाकली. बाईंशी ती भावाची घासाघीस कधी करायची नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फोरमन होतो. बाई मला कधी नावाने हाक मारत नसत, ‘फोरमन’ म्हणत. सुटीच्या दिवशी गॅलरीत पेपर वाचत बसलो की समोरच्या जिन्यावरची ये-जा दिसे. जुन्या विद्यार्थिनी, त्यांची पोरं, प्रबंध लिहिणारी मुलं, कागद दाखवायला आलेले खेड्यांतले लोक, काठी टेकत येणारे मौलानासाहेब. एकदा मी सहज म्हणालो, ‘बाई, काय राबता असतो हो तुमच्याकडे!’

‘थांबा! आत्ता काय म्हणालात?’

मी हुशारी केली. म्हटलं, ‘राबता. राबणे, त्यावरून राबता. तुम्ही लोकांसाठी राबता म्हणून.’

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ‘फोरमन, राबण्याशी याचं काही नातं नाही. दिसायला सारखे, पण घराणी वेगळी. चहा टाकायला सांगा मंदाला, मी येते.’ आणि खरंच जिना उतरून, गल्ली ओलांडून, आमचा जिना चढून त्या आल्या. तो शब्द त्यांनी मला गॅलरीतून सांगितला नाही, समोर बसून सांगितला.

मूळ अरबी, म्हणाल्या. र, ब आणि त. अर्थ एकच: बांधणे. आधी बांधले ते घोडे. सरहद्दीवरच्या ठाण्यात घोडे बांधून लोक पहाऱ्याला बसत. त्या ठाण्याला ‘रिबात’ म्हणू लागले. मग पहारा गेला, ठाण्यांत वाटसरू उतरायला लागले, फकीर राहायला लागले. बांधायची जागा होती, ती थांबायची जागा झाली. जो दोघांना बांधतो तो राबिता. फारशी-उर्दूत त्याचा अर्थ झाला संबंध, ओळखपाळख. आमच्या जुन्या कागदांत तो आला तो चालत आलेली वहिवाट म्हणून. वहिवाट म्हणजे तरी काय, लोकांनी पुन्हा पुन्हा चालून पाडलेली वाट. शेवटी मराठी घरांत राबता म्हणजे माणसांची ये-जा. ‘बघा फोरमन, कुठल्या वाळवंटातल्या घोड्याचं दावं, आणि कुठे माझा जिना!’

उठताना आणखी एक सांगितलं. ‘अरबीत धीराच्या माणसाला म्हणतात, त्याचं काळीज बांधलेलं आहे. सुटत नाही, पळत नाही. तुम्ही त्यातले आहात.’ कारखान्यात एकदा प्रेसखाली एकाचा हात अडकला होता आणि मी धावपळ न करता तो सोडवला होता, ही गोष्ट मंदाने त्यांना सांगितली होती. मला संकोच वाटला, पण बरंही वाटलं. ते बरं वाटणं पुढे मला फार महाग पडलं.

जिन्यावरची ये-जा पुढे हळूहळू थांबत गेली. एकाएकी काही झालं नाही. मौलानासाहेब वारले. विद्यार्थिनी नातवंडांत अडकल्या. गल्लीतली माणसं एकेक करून गंगापूर रोडला, इंदिरानगरला फ्लॅटमध्ये गेली. खाली दुकानांची गोडाऊनं झाली. समोरच्या इमारतीत शेवटी बाई एकट्या उरल्या. संध्याकाळी त्यांचा दिवा लागे तेव्हा खालच्या मजल्यांच्या खिडक्या काळ्या असायच्या. मंदा म्हणायची, ‘मला नाही बघवत. विहिरीत दिवा सोडल्यासारखं दिसतं.’

मग बाई न्हाणीघरात पडल्या. सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच पडून होत्या. हात कापायला लागले होते. मोबाइल होता, पण त्यावर बोट नेमकं टेकत नसे. पुण्याहून भाचा आला, चला म्हणाला. बाई ऐकेनात. ‘पुण्यात मी कोणाला थांबवू? तिथे सगळे घाईत.’ भाच्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हणालो, ‘मी करतो काहीतरी.’

कपडे वाळत घालायच्या दोरीला असतात तशा कप्प्या आणल्या. नायलॉनची बारीक, मजबूत दोरी घेतली. भांडी बाजारातून देवळात टांगतात तशी छोटी पितळी घंटा आणली, चांगल्या नादाची बघून. बाईंच्या खाटेच्या उशापासून भिंतीने गॅलरीत, गॅलरीतून केबलच्या आणि विजेच्या तारांखालून गल्लीवरून, आमच्या गॅलरीच्या दारावरच्या घंटेपर्यंत. एकदा ओढलं तर, काही सांगायचं आहे. दोनदा ओढलं तर, या. सारखं ओढत राहिलं तर, धावा. दोरीला ना बॅटरी लागते ना रेंज, हे मी भाच्याला ऐटीत सांगितलं. बाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. ‘फोरमन, तुम्ही तर राबता बांधून दिलात. खराखुरा, दोरीचा!’

त्याच दिवशी, दोरी ओढून बघताना, त्या हसत म्हणाल्या, ‘आता एक भीती आहे. मी ओढली आणि तुम्ही आला नाहीत, तर मी काय समजायचं?’

‘काय समजाल?’

‘की फोरमन गेले.’

‘कुठे?’

त्यांनी बोट वर केलं. मंदा रागावली, ‘काय बाई बोलता!’ बाई म्हणाल्या, ‘अगं, दुसरं कारणच काय असणार? काळीज बांधलेला माणूस आहे.’

पहिले काही महिने मी घंटा वाजताच उठायचो. बहुतेक वेळा शब्दच असायचा. ‘फोरमन, तुमच्या कारखान्यातला ‘हत्यार’ शब्द बघितलात का कधी?’ मी ऐकून यायचो. पण दोरी एकट्या बाईच हलवत नव्हत्या. गोदेकडून वारा सुटला की घंटा वाजे. कबुतरं दोरीवर बसत आणि उडत, की वाजे. संक्रांतीला कटलेल्या पतंगाचा मांजा तिच्यात गुंतला आणि खालची पोरं तो ओढू लागली. मी तीन वेळा जिने उतरून-चढून गेलो, तिन्ही वेळा बाई शांतपणे पुस्तक वाचत होत्या. ‘मी नाही हो ओढली!’ त्या म्हणाल्या. मी हसलो, पण परत येताना हसत नव्हतो.

दुपारी जेवणानंतर मला झोप लागते. कारखान्यात असताना कधी मिळाली नाही, म्हणून निवृत्तीनंतर ती मला हक्काची वाटे. नेमकी त्याच वेळेला घंटा वाजे.

इथे कारखान्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रेसच्या पुढे एक जाळीचं दार असतं. ते उघडं असलं की मशीन चालू नये म्हणून तिथे एक स्विच बसवलेला असतो. तो कधी कधी उगाचच मशीन बंद पाडतो. मग कामगार काय करतात, तो स्विच तारेने दाबून बांधून टाकतात. मशीन मजेत चालते, दार उघडं असलं तरी. मी अशा तारा शोधून शोधून तोडत असे. पोरं म्हणायची, ‘साहेब, सारखी बंद पडते, काम कसं उरकणार?’ मी ओरडायचो, ‘हात जाईल तेव्हा उरकेल!’ कारखान्यात माझा दरारा होता तो यासाठी.

तर मी एका दुपारी स्टूलवर चढलो आणि घंटेच्या लोलकाला एक चिंधी गुंडाळून बांधली. झोप झाली की सोडायची, असं ठरवून. मंदालाही सांगितलं नाही. चार वाजता चहाच्या वेळी सोडायचो. पुढे रोजचंच झालं. जेवणानंतर हात धुवावेत, तसा मी चिंधी बांधायचो. बाई नंतर कधी म्हणाल्याच, ‘आज ओढली होती, आला नाहीत?’ तर मी म्हणायचो, ‘झोप लागली होती.’ ते खोटं नव्हतं. बाई म्हणायच्या, ‘मग बरं, शब्दच होता.’

त्या वर्षी पाऊस थांबेना. गंगापूर धरणातून पाणी सोडणार म्हणून सकाळपासून गाडी फिरवून सांगत होते, नदीकाठच्यांनी सामान हलवा. भांडी बाजारातली दुकानं घाईघाईने पातेली वरच्या माळ्यांवर चढवत होती. पितळेचा नुसता खणखणाट. दुपारी कोणीतरी ओरडत गेलं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं. मग काय, सगळं नाशिक निघालं पूर बघायला. मंदाही गल्लीतल्या बायकांबरोबर गेली. मला म्हणाली, ‘येता का?’ मी म्हटलं, ‘जन्मभर बघतोय.’

मी झोपलो नाही. चहा करून घेतला आणि टीव्हीवर आपल्याच गावचा पूर बघत बसलो. चिंधी बांधलेलीच होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नदीचा आवाज एरवी आमच्यापर्यंत येत नाही. त्या दिवशी येत होता, जमिनीखालून यावा तसा.

आणि मला ती घंटा हलताना दिसली.

आवाज अजिबात नव्हता. दारावर ती नुसती हलत होती. मी मनात म्हटलं, वारा आहे. पण वाऱ्याने हलणारी घंटा कशीही हलते. ही दोरीकडे झुकत होती आणि मागे येत होती, दोरीकडे झुकत होती आणि मागे येत होती. ज्याचं आयुष्य मशीन बघण्यात गेलं, त्याला हा फरक कळतो. मला कळला. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही: मला कळला होता.

मग मी का उठलो नाही? मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. शब्द सापडला असेल, असं वाटलं. पूर किती आला हे विचारायचं असेल, असं वाटलं. चहा संपवून जाऊ, असं ठरवलं. खरं इतकंच की उठायचा कंटाळा आला. घंटा वाजली असती तर उठलो असतो, कारण मग ऐकली नाही असं स्वतःलाही सांगता आलं नसतं. वाजत नव्हती, म्हणून ती हलते आहे हे एकट्या मला माहीत होतं, आणि मी टीव्हीकडे तोंड फिरवलं. मधून मधून बघत होतो. बराच वेळ हलत होती. मग हलकी झाली, मधेच एकदा जोरात हलली, आणि थांबली.

थांबली तेव्हा मला बरं वाटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मंदा भिजून परत आली आणि खालूनच ओरडली, ‘अहो, बाईंची गॅलरी सताड उघडी आहे, पाऊस आत जातोय! बघितलंत का?’ मी उठलो. पण आधी स्टूलवर चढलो. चिंधी सोडली, खिशात घातली, आणि मग बाईंच्या घराची किल्ली घेऊन धावलो. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. ती सोडवायला जो वेळ गेला, तोही माझ्याच नावावर आहे.

बाई खाट आणि गॅलरी यांच्या मधे फरशीवर पडल्या होत्या. पाऊस त्यांच्या पायांपर्यंत आला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. दोरी त्यांनी हाताला वेढे देऊन गुंडाळून घेतली होती, सुटू नये म्हणून. तळव्याचं कातडं सोललं होतं. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले, पण शब्द आला नाही. दोरी त्यांच्या हातातून मी सोडवली.

दवाखान्यात बोलण्याइतकी ताकद आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. खाटेजवळ गेलो तर त्यांनी पट्टी बांधलेला हात माझ्याकडे केला आणि चेहरा उजळला. ‘जिवंत आहात, फोरमन! मी तर तुम्हाला पोचवलं होतं हो. ओढतेय, ओढतेय, कोणी येईना. म्हटलं, झालं, फोरमन गेले. पडल्या पडल्या तुमच्यासाठीच देवाचं नाव घेत होते.’ त्या हसल्या, आणि मग हसता हसता विचारलं, ‘होता कुठे? पूर बघायला गेला होता ना?’

भाचा शेजारी उभा होता. मंदा उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, ‘हो.’

‘जायलाच हवं. असा पूर काय रोज येतो?’ बाई म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. माझ्यावर कोणाचा ठपका येऊ नये म्हणून त्या आधीच सांगायच्या, ‘बिचारे पूर बघायला गेले होते, नाहीतर उडी मारून आले असते.’ शोकसभेत लोकांनी जे सांगितलं, ते बाईंच्याच तोंडचं.

भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसवताना त्यांनी खिडकीतून वर बघितलं, दोन घरांमधे लोंबणाऱ्या दोरीकडे. ‘दोरी काढू नका, फोरमन. मी येणार आहे.’ मी मान हलवली. मंदाने मला कधीच काही विचारलं नाही. पण स्टूल तिने गॅलरीच्या दाराजवळून उचलून आतल्या खोलीत ठेवलं, आणि पुन्हा बाहेर येऊ दिलं नाही.

मी पुण्याला एकदाच गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. बाई फार लहान दिसत होत्या. अर्धा वेळ झोपेत, अर्धा वेळ कुठेतरी. भाचा चहा करायला आत गेला. मी खाटेजवळ वाकलो आणि पुटपुटलो, ‘बाई, त्या दिवशी मी घरीच होतो.’

त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, ऐकलं नाही. तेवढ्यात पांघरुणातून हात बाहेर आला, कापत कापत वर गेला.

‘थांबा,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता काय म्हणालात?’

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शब्दासाठी थांबवलं नव्हतं. डोळे उघडून त्या माझ्याकडे बघत होत्या, स्वच्छ, शाळेत मुलीकडे बघत असतील तशा. वाट बघत होत्या. आतून कपांचा आवाज आला. भाचा येत होता.

मी म्हणालो, ‘काही नाही, बाई. पाऊस उघडला, म्हणालो.’

त्यांनी थोडा वेळ तसंच बघितलं. मग हात खाली घेतला, डोळे मिटले. मी चहा पिऊन निघालो. त्यानंतर त्यांचं काही कळलं ते फोनवरूनच.

गेल्या आठवड्यात समोरची इमारत पाडायला माणसं आली. त्यांच्यातला एक जण बाईंच्या गॅलरीतून ओरडला, ‘काका, ही दोरी तुमची का? कापू का?’ मी हो म्हणालो. तिकडचं टोक सुटून गल्लीत पडलं, इकडे घंटा एकदा वाजली. चांगल्या नादाची बघून आणली होती. खाली कोणीतरी वर बघितलं.

बाई, माफ करा. हो, माफही अरबीच असणार, ठाऊक आहे; पण आज हात वर करू नका, पुढचं ऐका. मी पूर बघायला गेलो नव्हतो. चिंधी मीच बांधली होती. तुम्ही ओढत होता, तेव्हा मी घंटेखाली बसलो होतो, आणि ती हलताना बघत होतो.